फुकटचा पाव फेरा

घासलेटचा वास आला की मला गांधीबागेमागचा आमचा कारखाना आठवतो. देश स्वतंत्र होऊन पाच-सात वर्षं झाली असतील. लोखंड कातायच्या एकाच लेथवर मी आणि माझा जोडीदार आळीपाळीने उभे राहायचो. तो उमरेडच्या विणकराच्या घरचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मला काम त्यानेच शिकवलं. लेथचं हत्यार पुढे-मागे नेणाऱ्या स्क्रूचे आटे मधोमध झिजले होते, कारण आमची सगळी कामं एकाच मापाची, आणि कातलेल्या बिडाच्या लोखंडाची धूळ तेलात मिसळून तेवढीच जागा खात राहायची. हँडल उलटं फिरवलं की पहिला पाव फेरा फुकट जायचा, हत्यार जागचं हलायचंच नाही. तो आमच्या मनगटात इतका मुरला होता की कोणी मोजतही नसे. एका उन्हाळ्यात मालकाने नवा स्क्रू आणि नट आणला. आम्ही तो घासलेटने पुसून बसवला. पहिलं काम जोडीदाराने घेतलं, सवयीने पाव फेरा जास्त दिला, आणि हत्यार आत घुसून कातायला लावलेला बुश, म्हणजे बिडाची नळी, मापापेक्षा बारीक झाला. मी हसलो. "हासू नको गा," तो म्हणाला, "मशीन नवी झाली, हात जुनाच हाय." मग मी उभा राहिलो आणि माझाही बुश तसाच गेला. मागून त्याचं हसणं आलं, "आता काहून गप झाला?" त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही नळ सोडताना माझा हात पाव फेरा जास्त फिरतो, पाणी भसकन अंगावर येतं, आणि कोणी हसलं का म्हणून मी मागे वळून बघतो.