चार किलो जास्त

चहाचा कप विसळून पालथा ठेवला की बाबा सायकल खांद्यावर घ्यायचे. तिसऱ्या मजल्यावरून खाली चोपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते खांदा बदलत, आणि तिथं भिंतीला हँडल घासून घासून एक काळपट रेघ उमटली होती. घरमालकानं दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा महिन्याभरात रेघ परत हजर. निवृत्तीनंतर कामावर जायचं राहिलं नव्हतं, तरी सायकल रोज खाली उतरायची, कोपऱ्यावरून वर्तमानपत्र घेऊन पुन्हा वर यायची.

बाबा लिफ्टचे मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी गावभरच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत. खालची शेजारीण दर दोन दिवसांनी चिडवायची, "अहो लिफ्टवाले, एखादी आपल्याकडेही बसवा की!"

"बसवतो. पण बंद पडली तर तक्रार कोणाकडे करणार? मी तर जिन्यानं निघून गेलेलो असेन."

लिफ्टचं यंत्र असतं इमारतीच्या डोक्यावर, गच्चीतल्या खोलीत. दुपारचा डबा बाबा तिथंच खात. एका उंच इमारतीच्या गच्चीवरून, गाव संपून डोंगर सुरू होतात त्याच्याही पलीकडे, पाण्याची एक बारीक पट्टी दिसायची. घरी आले की हातपाय धुता धुता आईला सांगायचे, "आज तळं दिसलं." किंवा, "आज नाही दिसलं, हवा गढूळ होती." लेकीला लहानपणी वाटायचं, आईबाबांची तिथं कोणी ओळखीची माणसं राहतात.

त्या तळ्याला सायकलनं फेरी मारायची, दोघांनी, हे कधीचं ठरलेलं होतं. आई सायकल शिकली बेचाळिसाव्या वर्षी, बाबांच्या वर्कशॉपमागच्या मोकळ्या फरशीवर. बाबा मागून धरायचे नाहीत, पुढे तोंड तिच्याकडे करून उलटे पळायचे आणि ओरडायचे, "माझ्याकडे बघ! चाकाकडे काय बघतेस, ते कुठं पळून जात नाही!" आईनं त्यांना दोनदा उडवलं. तिसऱ्यांदा वळण घेतलं.

निवृत्त झाल्यावर बाबांनी पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेतली आणि दोन हिवाळे खपून तिच्यात पलंग, शेगडी, कपाट बसवलं. सगळं झालं. राहिल्या फक्त सायकली. आत पलंग होता, म्हणजे सायकली बाहेर. त्यासाठी रॅक हवा होता, आणि तिथं घोडं अडलं.

घोडं अडायचं कारण बाबांचा नियम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, आठ माणसांची पाटी असलेल्या लिफ्टमध्ये अकरा जण घुसले आणि लिफ्ट अर्धा मजला घसरून लटकली. कोणाला काही झालं नाही. पण दार उघडल्यावर त्या अकरा जणांचे चेहरे बाबांनी पाहिले होते. तेव्हापासून कुठलीही पाटी दिसली की ते तिचं निम्मं करायचे. शिडी असो, दोर असो, माळ्यावरची फळी असो. जे लिहिलंय त्याच्या निम्मं. वर दोनदा हिसका देऊन बघायचं, मगच भरवसा.

वजनकाट्यावर बाबा आधी नुसते उभे राहिले, मग सायकल उचलून. वजाबाकी लेकीनं केली. बाबांची सायकल सोळा किलो, आईची अठरा. एकूण चौतीस.

"अठरा?" आई म्हणाली. "काटा बिघडलाय."

"काटा बरोबर आहे. तुझ्या सायकलला पुढे टोपली, मागे कॅरिअर. लग्नाचं बिऱ्हाड आहे ते."

शनिवारी तिघं व्हॅन आणि दोन्ही सायकली घेऊन दुकानात गेले. मागच्या दाराला अडकवायचा रॅक पस्तीस किलोचा. निम्मे साडेसतरा, म्हणजे एकच सायकल.

"काका, कंपनी आधीच हात राखून आकडा लिहिते," दुकानदार म्हणाला.

"मीही चाळीस वर्षं पाट्याच लावल्या. पाटी लिहिणारा कधी लिफ्टमध्ये नसतो."

"मग तुमची एकट्याचीच न्या की," आई म्हणाली. "मी बसेन काठावर. पाणी काय बसूनही दिसतं."

बाबांनी तो रॅक परत जागेवर टांगला. दोन सायकली नसतील तर ते तळ्याला जाणार नव्हते, हे लेकीला कळलं. पुढच्या वर्षावर ढकलतील, मग त्याच्या पुढच्या. बाबांनी पासष्टी पार केलेली होती.

दुसरा रॅक गाडीमागच्या हुकाला बसणारा, गुडघ्याएवढ्या उंचीवर. साठ किलो. निम्मे तीस. चार किलो जास्त.

"चार किलोनं काय होतंय बाबा?" लेक म्हणाली.

"त्या अकरातले शेवटचे तीन जणही हेच म्हणाले असतील."

तिसरा छतावरचा. पंचाहत्तर किलो. निम्म्यातही दोन्ही सायकली आरामात. बाबांचा चेहरा उजळला. "हाच!"

लेकीनं गाडीचं छत पाहिलं, मग बाबांचा उजवा खांदा. गेलं वर्षभर शर्ट घालताना ते तो हात आधी बाहीत घालत होते, हळूच, कोणी बघत नाहीसं पाहून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आता खांदा बदलणं नव्हतं. सगळं ओझं डाव्यावरच. वरचा रॅक म्हणजे सायकल डोक्याच्या वर उचलायची. पण हे त्यांना सांगणार कोण?

"तेवढं उंच जमेल का काका?" दुकानदारानं विचारलंच.

"रोज तीन मजले चढवतो. तुम्ही शिडी आणा."

दुकानदारानं रॅक छतावर बसवून शिडी लावली. बाबांनी स्वतःची सायकल वर घातली. डावा हात, गुडघ्याचा टेकू, एक हुंकार, गेली. मग आईची घेतली. छातीपर्यंत आली. तिथून वर जाईना. बाबा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तसेच उभे राहिले, मान लाल. दुकानदार पुढे सरकला. लेकीनंही पाऊल उचललं.

"अहो, थांबा, थांबा!" खालून चाक धरलेली आई मध्येच ओरडली. "माझी बाही अडकली चेनमध्ये. खाली घ्या आधी, फाटेल!"

बाबांनी सायकल खाली घेतली. आई वाकून बाही सोडवत बसली, बराच वेळ. लेक अगदी शेजारीच उभी होती. बाही कुठंही अडकलेली नव्हती.

"नवा ब्लाउज आहे," आई म्हणाली. "आणि दर खेपेला हे असं होणार. मला नको तो वरचा. मला माझी सायकल हाताशी लागते."

"बघा," बाबा दुकानदाराला म्हणाले, रुमालानं मान पुसत. "हिला नकोय." त्यांना अजून धाप लागलेली होती. मग ते कितीतरी वेळ त्या गुडघ्याएवढ्या रॅकजवळ उभे राहिले. दोनदा हिसका दिला. त्या दिवशी घेतला मात्र नाही.

रविवारी सकाळी लेकीला जाग आली ती पान्याच्या आवाजानं. बाबा बैठकीत जमिनीवर बसले होते. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर एक पत्र्याची पेटी होती, कामाची, कुलूपवाली. लेकीनं ती सायकल पेटीशिवाय कधी पाहिलीच नव्हती. बाबा पेटीचे बोल्ट काढत होते. चारही गंजून बसलेले. लेकीनं टॉर्च धरला. पेटी निघाली, तिच्याखाली कॅरिअरचा रंग अजून नव्यासारखा निळा होता.

आई दारात येऊन उभी राहिली. "माझी टोपली काढा की त्यापेक्षा."

"तुझी टोपली लागते."

"आणि पेटी नाही लागत?"

बाबांनी पेटी उचलून काट्यावर ठेवली. चार किलो, वर थोडं. "कोणाची लिफ्ट अडकलीय तळ्यावर?" ते म्हणाले आणि पेटी कपाटाच्या वर सरकवून आले.

पुढची तीन वर्षं, हवा निवळली की ते तळ्याला जायचे. त्या गुडघ्याएवढ्या रॅकवर जड सायकल गाडीलगत बांधायची असते, म्हणून आईची आत, बाबांची बाहेर. लेकीकडे एक फोटो आहे. आई पुढे चाललीय, मागून बाबा, आणि त्यांच्या कॅरिअरवर तो निळा चौकोन स्पष्ट दिसतो.

चौथ्या वर्षी खांदा पुरताच गेला. सायकली खाली न्यायचं काम लेकीकडे आलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तीही खांदा बदलायची, आणि हँडल बरोबर त्या रेघेवर टेकायचं. निघायच्या आदल्या दिवशी दोघी खाली सायकली बांधत होत्या, बाबा वर खिडकीत खुर्ची ओढून बसले होते. त्या दुपारी जरा पडतो म्हणून ते आडवे झाले आणि उठले नाहीत. पण ते नंतर. सकाळी दोघींचं बांधून झालं, लेकीनं हात झटकले, तेव्हा वरून नेहमीच्याच आवाजात विचारलं गेलं:

"आईची आत घेतलीस ना? मग पट्टा दोनदा ओढून बघ आणि वर ये, चहा ठेवतोय."