आतोबांची खानेसुमारी

जगात मोजता येत नाही अशी एकही वस्तू नाही, फक्त मोजायला आमचे आतोबा हवेत, हे तमिळनाडूतल्या कुंभकोणमातल्या आम्हा मराठी लोकांच्या निदान चार गल्ल्या तरी शपथेवर सांगतील. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण गाव त्यांना ओळखायचं ते पानांच्या अंदाजासाठी. कुणाच्याही घरी लग्न निघो वा मुंज, पत्रिका छापायला टाकण्याआधी यजमान आतोबांकडे येई. आतोबा डोळे मिटून विचारत, मुहूर्त किती वाजता, मुलीकडचे तंजावरचे की तिरुविडैमरुदूरचे, वरपक्षात कुणाचं कुणाशी बिनसलंय, त्या दिवशी गावात आणखी लग्नं किती. एवढं ऐकलं की आकडा सांगत आणि आचारी तेवढीच केळीची पानं मांडी. 'सुमारे' हा शब्द त्यांना वर्ज्य होता. एकदा त्यांनी तीनशे बारा सांगितली आणि तीनशे अकराच पानं उठली. आतोबा तडक मांडवाबाहेर गेले आणि मानापमानावरून रुसून उपाशीच निघालेल्या नवऱ्यामुलाच्या मामाला हाताला धरून परत आणलं. मामाची समजूत काढली हे सगळ्यांना दिसलं. ती कशासाठी काढली हे मला एकट्याला माहीत होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी चेन्नईला संगणकाच्या कंपनीत लागलो आणि एका सुट्टीत आतोबांना एक नवं खेळणं आणून दिलं. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी चित्रं, याद्या आणि खिडक्या मांडलेल्या दिसतात, त्या मांडणीला डेस्कटॉप म्हणतात. एक डेस्कटॉप दुकानात विकत मिळायचा. मी आणलेला दुसरा होता, देशोदेशीच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेला, कुणीही फुकट घ्यावा आणि दुसऱ्याला वाटावा असा. मासिकांबरोबर त्याच्या सीडी यायच्या, त्या मी साठवून आणायचो. आतोबांना त्यातलं काय आवडलं असेल तर फुकट वाटणं. सहा महिन्यांत ते गावातल्या एका संगणकाच्या शिकवणीत संध्याकाळचा वर्ग घेऊ लागले, दोन जुन्या यंत्रांवर, पगाराशिवाय. निवृत्तीनंतर सुकत चाललेला माणूस त्या वर्गाने पुन्हा ताजा झाला. आत्या म्हणायची, पूर्वी हे दुपारी झोपायचे, आता दुपारी इस्त्री करतात.

हा डेस्कटॉप लिहिणारी मंडळी एकमेकांना जी पत्रं पाठवत, ती मी छापून आतोबांना नेऊन देई. त्यात एकदा प्रश्न निघाला की आपला डेस्कटॉप जगात वापरतात तरी किती जण? विक्री नाही, पावती नाही, कोण कुणाला देतो याचा पत्ता नाही. कुणी लाखांत सांगितलं, कुणी त्याच्या दसपट. आतोबांनी ती पत्रं वाचली आणि या लोकांनी आयुष्यात एक पंगत उठवलेली नाही असा निकाल दिला. देवळातल्या अन्नदानाला कुठे पत्रिका असते? तरी अंदाज काढतातच ना! मग त्यांनी आपली रीत बसवली. सीडी म्हणजे शेजारी पाठवलेला लोणच्याचा वाडगा. परत आली तर आवडली नाही, न आली तर घरात रुळली. बारा सीडी दिल्या होत्या, एकही परत आली नव्हती, आणि प्रत्येक सीडी आपल्या लोकांत पाच घरं तरी फिरते. झाले साठ. मी म्हटलं, आतोबा, एखादी पेल्यावर झाकण म्हणून पडली असेल. तेव्हा ते सायकलवर टांग मारून तपासायला निघाले. तिरुनागेश्वरमला खरोखरच तीन वापरणारे भेटले. पट्टीश्वरमची सीडी मात्र भाताच्या शेतात पाखरं हाकायला टांगलेली मिळाली. मी हसलो, तर आतोबा शांतपणे म्हणाले की त्यानेही ती परत दिलेली नाही.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण शिकवणीच्या मालकांच्या मनात वेगळंच होतं. पालक विचारायला लागले होते की नोकरीत चालतो तो विकतचा डेस्कटॉप शिकवता का. मालक माणूस सज्जन. त्यांनी आतोबांना सांगितलं, सार, हा तुमचा डेस्कटॉप वापरणारी दहा माणसं जरी दाखवलीत तरी वर्ग चालू ठेवतो, नाहीतर महिनाअखेरीला दोन्ही यंत्रं बदलतो. दहा ऐकून आतोबांना अपमान वाटला. "साठ म्हणजे साठ. एक उणं व्हायचं नाहीं," असं म्हणून त्यांनी जागच्या जागी पंगत जाहीर केली. वापरणाऱ्या प्रत्येकाने जेवायला यायचं, शिकवणीच्याच ओसरीवर, आणि मालकांनी पानं मोजायची.

दिवस त्यांनी स्वतः ठरवला. आत्या तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी तिरुविडैमरुदूरला गेली होती, आणि तिथी-वार सांभाळायचं खातं आत्याचं. आतोबांनी डेस्कटॉपमधलं कॅलेंडर उघडलं, एक मोकळा रविवार निवडला आणि निरोप धाडले. आचाऱ्याने दबक्या आवाजात विचारलंही म्हणे, त्याच दिवशी का? आतोबांनी तारीख पडद्यावर पाहिली आहे म्हटल्यावर तो गप्प बसला. ज्यांचा अंदाज तीस वर्षांत चुकला नाही त्यांना कोण शिकवणार! मी चेन्नईहून सकाळच्या गाडीने उतरलो, तेव्हा ओसरीवर साठ पानं मांडलेली, पायसम तयार, आणि आतोबा खांबाला टेकून डोळे मिटून उभे. एकादशी होती. सीडी गेल्या होत्या त्या आमच्याच वैष्णव घरांत. ज्या घरांत त्या दिवशी तांदळाचा दाणा शिजत नाही, त्या साठ जणांना आतोबांनी सांबारभाताला बोलावलं होतं.

तरीही माणसं आली. तिरुनागेश्वरमचे तिघे आले, एक निवृत्त पोस्टमास्तर आले, कॉलेजातल्या दोन मुली आईला घेऊन आल्या, आणि त्या आईनेच सांगितलं की घरात तीच जास्त वापरते. मागाहून आणखी दोघे आले. एकूण नऊ. सगळे उपाशी. पानाला शिवायचं नाही म्हणून भिंतीच्या कडेने रांगेत बसले. पोस्टमास्तर म्हणाले, "जेवायचं नाहीं हो आम्हाला. मोजून मात्र घ्या." अन्न वाया जाऊ नये म्हणून आचाऱ्याने बसस्टँडवरचे ड्रायव्हर, कंडक्टर आणि हमाल बोलावून आणले. ते आनंदाने जेवले आणि मोजून साठ पानं उठली. आतोबांना एवढं पुरलं. त्यांनी छाती पुढे काढून मालकांना विचारलं, झाली की नाही साठ?

मालक हसले नाहीत. त्यांनी पानांकडे पाहिलंच नाही, भिंतीकडच्यांना मोजलं आणि हळूच म्हणाले, सार, नऊ. आतोबांनी खांदे जरा पाडले, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हा दहावा."

मी मान हलवली. खरं तर कंपनीच्या कामाला तो चालेना म्हणून चार महिन्यांपूर्वीच मी तो डेस्कटॉप काढून विकतचा घातला होता. मालकांनी मला यंत्रापुढे बसवलं, मी दोनचार गोष्टी उघडून दाखवल्या, आणि त्यांचं समाधान झालं. वर्ग राहिला. पुढे आतोबा जाईपर्यंत राहिला.

संध्याकाळी ते मला स्टेशनवर पोचवायला आले. मला फार लाज वाटत होती. गाडी यायला अवकाश होता, म्हणून मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर आतोबाच म्हणाले, "आपल्या डेस्कटॉपात माऊस एकदा दाबला की पुरतं, दोनदा दाबायचं ते विकतच्यात. तूं दोनदा दाबलास. दोन खिडक्या उघडल्या."

मी विचारलं, मग मला मोजलं कशाला?

"परत घालशील म्हणून तुला मोजणीत धरलों," ते म्हणाले, आणि गाडीचा सिग्नल पडला का ते बघायला फलाटाच्या टोकाकडे गेले.

पुढच्या रविवारी मी तो पुन्हा घातला. आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, माझी तीन यंत्रं बदलली, पण डेस्कटॉप तोच आहे.