आधी खुर्ची, मग पाणी, मग नाव

आबा आज सकाळी गेले. शेवटचे तीन महिने त्यांना काळजी होती ती पॅलेस्टाईनमधल्या एका खुर्चीची.

हसू नका. आधी मीही हसले होते.

आबा म्हणजे माझे वडील. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते पोलीस ट्रेनिंग स्कूलमधले कडक उस्ताद म्हणून माहीत आहेत. रिटायर झाल्यावर एका परदेशी प्रशिक्षण पथकात त्यांची निवड झाली आणि ते वर्षभरासाठी पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोला गेले, तिथल्या नव्या नागरी पोलिसांना शिकवायला.

नागरी पोलीस म्हणजे सैन्य नव्हे. चोरी, अपघात, भावकीतली भांडणं बघणारे साधे पोलीस.

आईनं डोक्याला हात लावला होता. "लोणी देवकरला कंपनीत सिक्युरिटीचं काम मिळतंय, ते करा की. तितं कशाला जीव धोक्यात घालताय?"

"अगं, देश अजून धड झाला न्हाय आन् पोलीस उभं करत्यात. बघून तरी येतो," आबा म्हणाले. झालं, गेले.

तिथून फोनवर वैतागून सांगायचे. चोर पलीकडच्या गावात पळाला तर त्याच्यामागं जायला दुसऱ्यांच्या सैन्याची परवानगी लागते. नाक्यावर या पोलिसांचीच झडती होते, तीही गावकऱ्यांदेखत.

"पोरं लई हुशार हायती. पर लोकं ठाण्याची पायरी चढत न्हायती. त्यांचं तरी काय चुकलं?"

ठाण्याची पायरी हा आबांचा दुखरा विषय होता.

आमचे आजोबा नरसिंहपूरच्या बाजूला मेंढरं राखायचे. एकदा बावीस मेंढरं चोरीला गेली. आजोबा ठाण्यात गेले आणि दिवसभर दाराशी उभे राहिले. कुणी बस म्हणालं नाही, कुणी लिहून घेतलं नाही. संध्याकाळी घरी आले ते पुन्हा त्या मेंढरांचं नाव न काढण्यासाठीच.

त्या रागातून आबा पोलिसात गेले.

"आन् खाकी चढल्यावर पयल्याच महिन्यात मीबी एका बाईला तासभर उभं केलं. सवय लागती," हे ते प्रत्येक बॅचला सांगायचे. लाज वाटायची त्यांना, तरी सांगायचे.

तर जेरिकोत एक दिवस खोट्या ठाण्याचा तास होता. टेबल मांडलं, विद्यार्थी पोलीस झाले आणि आबा फिर्यादी. इथून जाताना बॅगेत कोंबलेली घोंगडी खांद्यावर टाकून उभे राहिले. शेजारी दुभाष्या.

"सायेब, माजी मेंढरं गेली."

पोरांनी सगळीकडे होतं तेच केलं. ओळखपत्र मागितलं, गाव विचारलं आणि "तिकडे थांब" म्हणाले.

आबा थांबले.

तास संपला. पोरं म्हणाली, सर, झालं, जेवायला चला. आबा दुभाष्याला म्हणाले, "सांग त्यांना, हितं सर कुणी न्हाय. माजी मेंढरं गेल्यात."

दोन वाजले. साठीचा माणूस, तिथलं ऊन, आणि हट्ट कसा ते तुम्हाला माहीतच आहे.

शेवटी हनान नावाची मुलगी उठली. स्वतःची खुर्ची आणून आबांच्या मागे ठेवली, त्यांना बसवलं. पाण्याचा ग्लास दिला. मग टेबलाला टेकून उभ्यानंच लिहायला लागली.

मेंढरं किती? बावीस. कुठून गेली? नीरेच्या काठावरून. काही खूण? एका मेंढीचा डावा कान कापलेला.

तिनं नाव विचारलं, तेव्हा आबांनी आजोबांचं नाव सांगितलं.

लिहून झाल्यावर तिनं सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे ना?

ज्या माणसानं मैदानावर भल्याभल्यांना रडवलं, तो माझा बाप तिथं सगळ्या वर्गासमोर रडला.

तो अरबी कागद आमच्या घरी फ्रेममध्ये आहे, आजोबांच्या फोटोशेजारी. पाहुण्यांनी विचारलं की आबा सांगायचे, "वडलांची फिर्याद हाय. उशिरा नोंदवली, पर नोंदवली."

हनान पुढे एका छोट्या ठाण्याची प्रमुख झाली. तिथं नियम एकच. आधी खुर्ची, मग पाणी, मग नाव. दर ईदला तिचा इंग्रजीत मेसेज यायचा आणि मी तो आबांना मराठीत सांगायची. आता बायकाही ठाण्यात येतात, म्हातारी माणसं येतात. आबा हे वडगाव निंबाळकरच्या आमच्या पाहुण्यांना दहादहादा ऐकवायचे.

मग तिकडच्या बातम्या बिघडल्या. मेसेज बंद झाले. इकडे आबांनी अंथरूण धरलं.

रोज सकाळी एकच प्रश्न. "खुर्ची हाय का गं अजून?"

ती जिवंत आहे का, हे विचारायची त्यांची हिंमत होत नव्हती. माझीही नव्हती. मी रोज मेसेज टाकायची आणि रोज एकच टिक.

परवा हनानचं उत्तर आलं.

ठाण्याच्या इमारतीला कुलूप आहे. आम्ही शाळेच्या दोन खोल्यांत बसतो. पगाराचा भरवसा नाही, तरी सगळे कामावर येतात. आज एक आजोबा आले होते, सायकल चोरीला गेली म्हणून. सरांना सांगा, त्यांना बसवूनच लिहून घेतलं.

मी वाचून दाखवलं. आबांनी डोळे मिटूनच म्हटलं, "पानी दिलं का, इचार."

विचारलं. लगेच उत्तर आलं, "नाव विचारायच्या आधीच दिलं."

"मग ठाणं हाय म्हणायचं," आबा म्हणाले. त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत.

मला आबांचा अभिमान वाटतो. आणि इमारत गेली तरी खुर्ची न सोडणाऱ्या त्या बाईचाही. आजच्या दिवशी एवढंच सांगायचं होतं.

आबा, लेकीचा शेवटचा सॅल्यूट.

खूप उभे राहिलात. आता बसा.