सुपावरचे दोन आकडे

मामलेदारांनी मला विचारलं, “पाटीवरचा हा आकडा तुम्ही काय म्हणून वाचलात?” आणि मी म्हणाले, “सहा, साहेब. सहा तो सहाच वाचला.”

हे खोटं होतं. मी चार वाचला होता. त्या आठवड्यात, त्याच्या आधीच्या, त्याच्याही आधीच्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, देवालाही नाही — त्याला सांगण्यात काय अर्थ, तो काही परत विचारत नाही.

आता पहिल्यापासून ऐका.

लढाईचे दिवस होते. धान्य कार्डावर मिळायचं, आणि किन्हवलीच्या आमच्या बाजूला धान्याचं दुकान माझ्या थोरल्या दिरांकडे होतं. आत आलेल्या धान्याची पाटी बाहेर लावायची, असा सरकारी हुकूम होता. माणशी किती शेर मिळणार आणि दुकान किती वाजता बंद होणार, एवढंच खडूने लिहिलेलं. पाटी खरी असायची. वरून कोण कधी येईल याचा नेम नसे, म्हणून दीर ती खरीच लिहायचे. खोटं लिहायची गरजही नव्हती. बायांना वाचता कुठे येत होतं?

मला येत होतं. चौथी पास होते मी, गावातली एकटी बाई. दिरांनी हसत हसत सांगितलं, “शेवंते, तुझा आवाज खडा हाय. पाटी तूच वाच.” मग कातकरवाडीच्या बाया माप घ्यायला आल्या की मी ओट्यावर उभी राहायचे आणि पाटीवर ‘६’ असताना मोठ्याने म्हणायचे, “माणशी चार शेर!” त्यांना चार शेर मापून मिळायचं. पुस्तकात सहा शेरांपुढे त्यांचा अंगठा लागायचा. उरलेलं बैलगाडीने कल्याणच्या वाटेला जायचं.

गावात वाचता येणारे पाच-सहा पुरुष होते. त्यांच्या घरी सहाच्या सहा पोचत होते. ते कशाला बोलतील?

दिरांचा धाक होता म्हणून केलं, असं म्हटलं तर तुम्ही मला सोडून द्याल. पण धाक नव्हता. मला साखरेचा डबा मिळायचा, रॉकेलची बाटली मिळायची. आणि खरं सांगू — मी तोंड उघडलं की पन्नास बाया गप्प व्हायच्या. ते मला आवडायचं. साखरेपेक्षा जास्त आवडायचं.

कातकरवाडीत बुधी नावाची बाई होती. लाकडाच्या मोळ्या विकायची, भात निघाला की आमच्या खळ्यावर पाखडायला यायची. पोरी दोन. थोरली कमळी सात-आठ वर्षांची, आईच्या मागे छोटी मोळी घेऊन चालायची. बुधीला अक्षर येत नव्हतं, पण तिची नजर तिखट होती. एके दिवशी तिने मला पाटीपाशी थांबवलं.

“बाय, वरचा चितार काय गो?” आकड्याला ती चितार म्हणायची.

“चार.”

“न् खालचा?”

खाली लिहिलं होतं, दुकान ४ वाजता बंद. मी म्हणाले, “तोही चार. चार वाजता दार लागतं.”

तिने दोन्हीकडे पाहिलं. घरी जाऊन तिने नुकतंच शेणाने सारवलेलं सूप घेतलं, परत आली आणि कोळशाने दोन्ही आकडे जसेच्या तसे सुपावर उतरवून नेले. मी पाहत होते. मला हसू आलं होतं.

मामलेदार शहापुराहून आले त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या बाया मागे उभ्या राहिल्या आणि बुधी एकटी पुढे आली. सूप तिने छातीशी धरलं होतं.

“सायेब, ही बाय दोनी चितारांना चारच म्हनते. चार एकच असल तं चितार दोन कशाला?”

याहून सरळ प्रश्न मी जन्मात ऐकला नाही. साहेबांनी सूप पाहिलं, पाटी पाहिली. दोन्ही जुळत होतं. म्हणून तर त्यांनी मला विचारलं. पाटी खरी, सूप खरं, पुस्तकात अंगठे सहावर — आता फक्त माझ्या तोंडाचा प्रश्न होता. आणि तोंडातून गेलेलं कुठे उमटून राहतं?

मी ‘सहा’ म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, “हिच्या कानात काय शिरलं, देव जाणे. माप घरी नेता नेता खातात न् मग रडतात.”

दीर म्हणाले, “कातकरीण मास्तरीण झाली!” आणि सगळे हसले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. बुधीने सूप उलटं केलं, आकडे खाली गेले.

पुढच्या आठवड्यात दिरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. मास्तरणीने शाळेत जावं, म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. ती, तिचा नवरा आणि दोन पोरी मुरबाडकडे गेली, सिद्धगडाखालच्या रानात कोळशाच्या भट्टीवर. चार महिन्यांनी परत आली तेव्हा मागे एकच मोळी होती, धाकटीची. कमळीला ताप आला होता म्हणे. ताप सगळ्यांनाच येतो. भरल्या पोटाची पोरं उठून बसतात.

आमच्या खळ्यावर ती पुन्हा पाखडायला आली. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. एकदा तूस उडवता उडवता सहज विचारलं, “बाय, तो वरचा चितार काय होता गो?”

तिथे दीर नव्हते, साहेब नव्हते. आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, “काय की. आठवत नाय.”

आता माझा नातू माहिती मागवायचे अर्ज लिहितो. म्हणतो, “आजी, सगळं पाटीवर मांडायला लावलं की चोरी बंद.” बरोबर आहे त्याचं, लावायलाच हवं. पण पाटी तेव्हाही होती. अक्षर न् अक्षर खरं होतं तिच्यावर. मी शेजारी उभी होते.

सहा होता तो, बुधे. सहा.

बुधी साठीच्या पुढे जगली. धाकटी अजून वाडीत आहे. दीर म्हातारे होऊन अंथरुणातच वारले. मी आहे. कमळी नाही.