माडीवरून पाहिलेला वारा

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा मी मलकापूरहून पिंपळगाव राजाकडच्या एका खेड्यात लग्न होऊन आले. माहेरी मी एकटी बाजारात जायची. सासर मोठ्या जमिनीचं. तिथे सुना उंबरठ्याबाहेर पडत नसत. मला मिळाली माडीवरची गजांची खिडकी. तिच्यातून गावाबाहेरचं आमचं खळं दिसायचं.

ज्वारी उफणायला वारा हवा. सासरे गुडघ्यांमुळे ओसरीवर बसून असत, आणि सुनेशी बोलत नसत. ते सासूबाईंना विचारत, सासूबाई जिन्याखालून मला.

"वारा कसा हाये वं?"

"धूर सरळ वर जाऊन राह्यला," मी सांगायची. म्हणजे गडी बसून. कडुलिंबाची नुसती पानं हलली तर भूस पायाशीच पडायचं. फांद्या डोलायला लागल्या की गडी टोपल्या उचलत. रस्त्यावर धूळ उठून बायांचे पदर आवरेनासे झाले, तर भुसासोबत दाणेही जायचे. दिवसभर दुसरं पाहायला होतंच काय?

एका दुपारी शेजारच्या शेतात कोणी धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कचरा पेटवला होता. त्याचा धूर आधी वर जात होता. बघता बघता तो आडवा झाला आणि आमच्या खळ्याकडे वळला. कडुलिंब एका अंगाला वाकला. खळ्यावरचे गडी सावलीत जेवत होते, त्यांची पाठ तिकडे होती. मी हाक मारली असती, पण सुनेनं खिडकीतून ओरडायचं नसतं. मी जिना उतरून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सासऱ्यांना, सासऱ्यांनी दारातल्या गड्याला. तो पळत गेला. तोवर कडब्याच्या गंजीनं कडेला पेट घेतला होता. गड्यांनी जळता कडबा ओढून काढला, पाणी मारलं. ज्वारी वाचली.

संध्याकाळी सासरे खुशीत होते. मी धीर करून सासूबाईंना म्हटलं, "मले एकदा खळ्यावर जाऊ द्या. लांबूनच पाहीन."

त्या ओसरीवर जाऊन विचारून आल्या. हसतच सांगितलं, "ते म्हणतात, तिले घरातूनच समदं दिसते. मंग जायाचं काऊन?"

दुसऱ्या सकाळी जिन्याखालून पुन्हा हाक आली. फांद्या डोलत होत्या. मी गजांतून हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंतच गेला. बोटांना वारा लागला.

"चांगला हाये," मी म्हटलं. "उफणाले घ्या म्हणा."