सभामंडपातले ते दोन खांब विलासचे आहेत

विलासला निवडणुकीत विरोधकांनी पाडलं नाही. मी पाडलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवर माझंही नाव आहे, 'शोकाकुल मित्र' म्हणून. सकाळपासून घरात बसवत नाही आणि तिकडे जाववत नाही. म्हणून इथं लिहितोय.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: विलास माझा शाळेपासूनचा मित्र, नेवासा तालुक्यातल्या आमच्याच गावचा. आर्किटेक्ट झाला, सिंगापूरला गेला, वीस वर्षं तिथं मोठमोठ्या बिल्डिंगा केल्या. मग सगळं सोडून गावी आला आणि सरपंचपदाला उभा राहिला.

गावाला वाटलं, याचं डोकं फिरलंय. मलाही तेच वाटलं.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बाळ्या, तिकडं बिल्डिंग पडत न्हाई, कारण कुठंतरी एक मानूस सही करायला नकार देतो. आपल्याकडं तो मानूसच न्हाई."

मी हसलो. मी पडलो ठेकेदार. सही अडवणारा माणूस केवढा ताप असतो ते मला विचारा.

आता मूळ गोष्ट.

भैरवनाथाच्या देवळापुढचा सभामंडप मी बांधला. ड्रॉइंगमध्ये मधे दोन खांब होते. गावकरी म्हणाले, खांब नकोत, कीर्तनकार सगळ्यांना दिसला पाहिजे. मी खांब काढून टाकले. खांबांवाचून बीम मोठा लागतो, तो मात्र होता तेवढाच ठेवला. हॉल असा ऐसपैस झाला की लोकांनी मला फेटा बांधला. ते बघून शेजारच्या दोन गावांनीही तस्साच सभामंडप माझ्याकडून करून घेतला.

विलास प्रचाराचा नारळ फोडायला देवळात आला आणि नारळ हातात धरून नुसता वरच बघत राहिला.

नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, मधले खांब कुठायत. मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. बीम मधे खाली आलाय, चिरा रंगाखाली झाकल्यात, हरिनाम सप्ताहाला आत कुणाला बसवू नको, म्हणाला. मी म्हटलं, निवडणूक होऊ दे, मग बघू.

"सप्ता आधी हाय, बाळ्या."

आठ दिवस रोज फोन करत होता. मी उचलायचं बंद केलं.

शेवटी त्यानं प्रचारसभेतच सांगून टाकलं की यंदाचा सप्ताह बाहेर मांडव घालून करा.

माझं नाव घेतलं नाही. एकदाही नाही.

गाव खवळलं. सिंगापूरहून आलाय आणि देवाच्या दारात अभद्र बोलतोय, असं घरोघर सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पारावर मला सगळ्यांनी घेरलं. भजनी मंडळाचे सोपाननाना म्हणाले, "तू बांधलाय, तूच सांग. धोका हाय का?"

मला माहीत होतं. विलासनं सांगायच्या आधीपासून माहीत होतं. स्लॅबखालचं सेंट्रिंग काढलं त्याच दिवशी बीम किंचित खाली बसलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता.

मी म्हणालो, "काय न्हाई होत, नाना. त्याला इथलं काम काय कळतंय."

सप्ताह आतच झाला. सात दिवस माझी आई त्या स्लॅबखाली बसून होती आणि मी बाहेर चपलांपाशी उभा.

स्लॅब पडला नाही. म्हणून विलास खोटा ठरला. स्वतःच्या गल्लीतसुद्धा त्याला मतं पडली नाहीत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. मला वाटलं, भांडायला आलाय. त्यानं कॉटवर ड्रॉइंग पसरलं. बायका कुठं बसतात, टाळकरी कुठं उभे राहतात, सगळं मांडलं होतं. दोन खांब अशा जागी काढले होते की कीर्तनकार जवळपास सगळ्यांना दिसावा.

"आधी खालून टेकू लाव. नाव तुजंच ऱ्हाऊ दे. पन ह्याच आठवड्यात सुरू कर."

मी केलं. आणि गावाला सांगितलं की खांब पंखे आणि स्पीकर बसवायला घेतलेत. गावाला ते पटलंही. पुन्हा माझंच कौतुक.

विलास रोज सकाळी येऊन त्या खांबांना पाणी मारायचा. सरपंच न्हाई झाला तर पानी मारतोय, म्हणून लोक त्याला चिडवायचे. तोही हसायचा. मी मान खाली घालून उभा असायचो.

मग शेजारच्या त्या दोन गावांतही खांब घाल, असा त्यानं लकडा लावला. मी टाळत गेलो. कधी लेबर नाही, कधी लग्न आहे, कधी अंग दुखतंय.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी तो एकटाच गाडीवर निघाला, त्यातला एक सभामंडप बघायला. मीही जायचं ठरलं होतं. मी गेलो नाही. वाटेत त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभेत मी लई बोललो. रडलोसुद्धा. हे सोडून सगळं बोललो.

वर्षभर ते दोन सभामंडप तसेच उभे आहेत. अवेळी फोन वाजला की तिकडचा नंबर नाही ना, ते मी आधी बघतो. आणि त्यातल्या एका गावात परवा सप्ताह बसतोय.

आज दोन्ही सरपंचांना फोन केले. एकानं ऐकून न घेता कट केला. दुसरा म्हणाला, "मित्राचं वर्षश्राद्ध हाय, तुमी जरा भावनेच्या भरात हाय. नंतर बोलू."

म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. शेजारच्या दोन गावांतले, मधे खांब नसलेले ते दोन्ही सभामंडप मी बांधलेत. चूक माझी आहे. आमच्या गावातले दोन खांब पंख्यांसाठी नाहीत, ते विलासचे आहेत. तो खरा होता. स्क्रीनशॉट काढा, तक्रार करा, लायसन जाऊ दे. पण त्या स्लॅबखाली कुणी बसू नका.

हे पोस्ट करून मी परवा सप्ताह बसतोय त्या गावी निघतोय. बाहेर मांडव उभा राहेपर्यंत त्या सभामंडपाच्या पायरीवरून उठणार नाही.

विलास, तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. एवढं होऊ दे, मग हात जोडीन.