सापडंल, बोलला असंल तर

शहरातल्या राजारामपुरीत कुठं नवा डिजिटल बोर्ड लागला आणि त्यावर ‘संसदेत आवाज उठवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असं लिहिलेलं असलं, की शालनबाई भर रस्त्यात थांबायच्या. मागून रिक्षा येवो नाहीतर सिटी बस येवो. पर्समधून छोटी वही काढायच्या, बोर्डावरचा मजकूर लघुलिपीच्या चार रेघांत उतरवायच्या आणि बोर्डावर हात जोडून हसणाऱ्या माणसाला मोठ्यानं विचारायच्या, “कवा? कुठल्या दिवशी? हासू नगंस. बगते मी.”

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बाई वेडी वाटली. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी शहरात राहत होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. क्लासच्या शेजारी, एका दवाखान्याच्या जिन्याखाली टायपिंगचं दुकान होतं. अर्ज टाईप करून घ्यायला आत गेलो, तर तीच बाई संगणकासमोर बसलेली. टेबलावर बुद्धाची लहान मूर्ती, तिच्या पायाशी टोक केलेल्या सात-आठ पेन्सिली.

शालनबाईंनी कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून नोकरी केली होती. साक्षीदार बोलायचा, त्या उतरवून घ्यायच्या. निवृत्त झाल्यावर पोटासाठी टायपिंग धरलं आणि जिवासाठी एक वेगळंच वेड. संसदेत कोण काय बोललं, हे त्या संसदेच्या संकेतस्थळावर शोधायच्या. दुकान उघडलं की अगरबत्ती, मग चहा, मग आदल्या दिवशीची चर्चा. टीव्हीवर सभागृह दिसलं तर त्या बोलणाऱ्याकडं बघायच्याच नाहीत. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसून खाली मान घालून लिहिणाऱ्या माणसांकडं बोट करायच्या. “ती बाई बग. थोड्या वेळानं उठंल, दुसरा येऊन बसंल. पर मधला एक शब्द सुटणार न्हाय. आमच्यातली हाय ती.”

मला शोधायला त्यांनीच शिकवलं. सदस्याचं नाव कसं घालायचं, अधिवेशन कसं निवडायचं, चर्चा कुठं आणि प्रश्न कुठं. गोंधळ झाला की इतिवृत्तात कंसात नुसतं ‘व्यत्यय’ असं लिहितात. तो शब्द आला की त्या खुदकन हसायच्या. “ह्या एवढ्याशा कंसात शंभर माणसं बोंबलत्यात बग, पदवीधर.” मला त्या पदवीधरच म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही. आणि शोध संपला, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: “बोलला असंल तर सापडंल. सापडत न्हाय म्हंजे बोलला न्हाय. मग बोर्ड काय पन म्हनू दे.”

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या वाडीत पिवळे दगड आले. शहरापासून तासाभराच्या एसटीवर आमची वाडी. नव्या मोठ्या रस्त्याची आखणी वस्तीतूनच जात होती. आमचं घर, गोठा, दूध संस्थेची खोली आणि आणखी तीसेक उंबरे दगडांच्या आत आले. पेपरात नोटीस आली. हरकतीला एकवीस दिवस. माणसं कागद गोळा करायला लागली, तेवढ्यात खासदारसाहेब गाडी थांबवून पारावर पाच मिनिटं उभे राहिले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्याची गरजही नाही. म्हणाले, “मी संसदेत प्रश्न घातलाय. एक वीट हलणार नाही.” झालं. हरकतींचे कागद कपाटावर गेले आणि सत्काराची तारीख ठरली. आमच्याकडं एक रिवाज आहे. ज्याच्या डोक्यावर गावानं फेटा बांधला, त्याच्यावर गावानं संशय घ्यायचा नाही. सरपंच म्हणाले, “साहेबांचा सत्कार करायचा आन दुसऱ्या हातानं हरकत घालायची? थोबाड कुठं लपवायचं मग?”

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. वाडीतला पदवीधर मी. दोन दिवस खपून लिहिलं आणि टाईप करायला गुरुवारी शालनबाईंकडं नेलं. त्यांनी वाचलं. ‘संसदेत आवाज उठवून आपण आमची घरं वाचवलीत’ या ओळीवर बोट ठेवलं.

“कवा?”

“बाई, ते स्वतः सांगून गेलेत.”

“मी आधी बगते.” तासभर बघितलं. चष्मा काढला. “चर्चेत न्हाय. एक शब्द न्हाय. आता प्रश्नांत बगाय पायजे. तितं मथळ्यात तुमच्या वाडीचं नाव नसनार, येकेक उत्तर उघडून वाचाय लागतंय. दोन दिस थांब.”

“सत्कार येत्या रविवारी आहे.”

“आन हरकत?”

“मंगळवारी शेवटचा दिवस. पण आता गरज नाही.”

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. “हे मी टाईप करनार न्हाय. सही साक्षीदाराची लागती, पदवीधर. ऐकलेल्याची न्हवं.”

मला राग आला. दुसऱ्या दुकानात जाऊन सोनेरी काठाच्या कागदावर छापून घेतलं, चौकट करून घेतली.

रविवारी हलगी वाजली, फेटे बांधले, मी माईकवर मानपत्र वाचलं. सगळ्यात जास्त टाळ्या शेवटच्या वाक्याला पडल्या: ‘आमच्या उंबऱ्यांची काळजी आम्ही आपल्या ओंजळीत ठेवली आहे, आता आमची कसलीही हरकत नाही, कसलीही भीती नाही.’ साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला. आई पदराला डोळे पुसत होती.

सोमवारी सकाळी दूध घालायची वेळ. पहिल्या एसटीतून शालनबाई उतरल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सापडलेलं उत्तर आणि तीस अर्ज. हरकतीचे, टाईप केलेले, नावाची जागा मोकळी सोडलेले. दूध संस्थेच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “प्रश्न इचारलाय, खरं हाय. पर तोंडानं न्हवं, कागदावर. त्याचं उत्तरबी कागदावर आलंय. आखनी बदलनार न्हाय म्हून लिवलंय. तुमच्या सायबांच्या हातात हे उत्तर सत्काराच्या आदी पडलंय, तारीख बगा. उद्या शेवटचा दिस हाय. सह्या करा.”

कुणी बसा म्हटलं नाही, कुणी चहा विचारला नाही. सरपंचांनी कॅन खाली ठेवला. “बाई, तुमचं घर जातंय काय ह्यात?”

“माजं न्हाय. तुमचं जातंय.”

“मग तुमाला कुनी धाडलंय? कुठल्या पार्टीच्या तुमी?”

“मी लिवनाऱ्यांच्या पार्टीची.”

दोघंतिघं हसले. मग आईनं तो कागद घेतला आणि माझ्यापुढं धरला. “तू वाच की रं. तू शिकलाईस न्हवं? काय लिवलंय?”

उत्तर इंग्रजीत होतं. चार ओळी. सध्याच्या आखणीत बदल करण्याचा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही. मला लख्ख कळलं. सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. सरपंचांच्या मोबाईलवर काल निघालेला माझा फोटो होता, खांद्यावर साहेबांचा हात असलेला. मी म्हणालो, “तसं स्पष्ट काही दिसत नाही यात.”

शालनबाई माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. कोर्टात खोट्या साक्षीदाराकडं बघत असतील तसं म्हणावं, तर तसंही नाही. पेन्सिल हातात असलेलं माणूस बघतं तसं. मग अर्जांची चळत दुधाच्या काट्याशेजारी ठेवली, उडू नये म्हणून वर एक माप ठेवलं आणि परतीच्या एसटीला उभ्या राहिल्या. मंगळवारी संध्याकाळी चळत तिथंच होती. मोजून तीस.

त्यानंतर त्यांच्या दुकानात दोन माणसं यायला लागली. रोज अकराला. काही टाईप करायचं नसायचं. खुर्चीत बसायची, पेन्सिली उचलून बघायची, “टायपिंगचं बरं चाललंय न्हवं, बाई? वय झालंय, जपून ऱ्हावा” म्हणायची आणि जायची. बाई म्हणायच्या, “बसा की पावनं. नाव सांगा, उतरवून घेते.” नाव कुणी सांगत नव्हतं. मग एका सकाळी जिन्याच्या तोंडाशी भला मोठा डिजिटल बोर्ड उभा राहिला. त्याला वळसा घालून तिरकं शिरल्याशिवाय दुकानात जाता येईना. गिऱ्हाईक तुटलं. फोन वाजायचा, उचलला की पलीकडं नुसता श्वास. बाई वेळ बघून वहीत टिपून ठेवायच्या. जागामालकानं दुकान खाली करायला दिवाळीपर्यंतची मुदत दिली. नजर वर न करता दिली, असं त्या म्हणाल्या.

मी फार दिवस गेलोच नाही. गेलो तेव्हा दुकानात दिवसाही दिवा लावावा लागत होता, इतका त्या बोर्डानं उजेड अडवला होता. मी म्हणालो, “बाई, मला वाचता आलं होतं.”

“ठावं हाय.”

“मी खोटं बोललो.”

“त्येबी ठावं हाय.” त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. “माफी तोंडी असती, पदवीधर. ती कुठं सापडत न्हाय. तू वाचत ऱ्हा. आदिवेशन सुरू हाय.” त्या आणखी काही बोलणार होत्या. वहीकडं एकदा हात गेला, मग तो त्यांनी मागं घेतला आणि चहा मागवला.

दिवाळीच्या आत शालनबाई गेल्या. झोपेत गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. संशय घेण्यासारखं काही नव्हतं, आणि घ्यायला कुणी होतंही नाही. दुकान रिकामं करताना त्यांच्या भाच्यानं एक वही माझ्या हातात दिली. “मावशीनं तुमाला द्याय सांगितलतं.” पानंच्या पानं लघुलिपीच्या रेघा. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. फक्त शेवटच्या पानावर साध्या आकड्यांत एक तारीख होती आणि तिच्यापुढं, सगळ्यांना वाचता येईल अशा देवनागरीत, एकच शब्द: पदवीधर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत आमच्या भिंतीवर पिवळ्या रंगात नंबर पडला. चौदा. आई म्हणाली, “पुसू काय रं?” मी नको म्हणालो आणि माडीवर जाऊन संगणक उघडला.

त्यांनी शिकवलं होतं तसं शोधलं. अधिवेशन, तारीख, सदस्य. आमचे साहेब त्या दिवशी खरोखरच बोलले होते. कुणीतरी आमच्या रस्त्याला विरोध असल्याचं म्हटलं होतं, त्याला उत्तर द्यायला साहेब उठले होते. गावातून एकही हरकत आलेली नाही, असं ते हिंदीत म्हणाले. लोक इतके समाधानी आहेत, की त्यांनी माझा सत्कार केला. त्यांच्याच शब्दांत सांगतो, असं म्हणून एक वाक्य त्यांनी मराठीत वाचलं होतं. उतरवून घेणाऱ्यानं एक काना-मात्रा सोडली नव्हती.

‘आमच्या उंबऱ्यांची काळजी आम्ही आपल्या ओंजळीत ठेवली आहे, आता आमची कसलीही हरकत नाही, कसलीही भीती नाही.’

खालून आईनं विचारलं, “काय सापडलं काय रं?”

सापडलं होतं. साहेब बोलले होते. शब्द माझे होते.